नाबाद राहिल्यास सूट

बुद्धभूषण तायडे तिसरं वर्ष पास होता, दुसरं वर्ष पास होता आणि पहिल्या वर्षात अडकला होता. वय छत्तीस. पोट पुढे निघालेलं, केस मागे सरकलेले. अशा अवस्थेत माणूस एफ.वाय.ला असू शकतो यावर त्याचा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता, पण विद्यापीठाचा बसला होता, आणि शेवटी विश्वास विद्यापीठाचाच धरतात.

भानगड कंपनीत सुरू झाली. ब्याण्णव साली अकोल्याचं कॉलेज तिसऱ्या वर्षात अर्धवट सोडून तो पुण्यात आला, तेव्हा कॉम्प्युटर चालू करता येतो एवढ्यावर नोकरी मिळायची. बंद पडलेला चालू करता आला तर पगारवाढ. डिग्री कुणी विचारली नाही. दुकानातून छोट्या कंपनीत, छोट्या कंपनीतून हडपसरजवळच्या एका काचेच्या इमारतीत असा तो वर सरकत गेला. हाताखाली सात माणसं आली, मांजरीत उसाच्या शेजारी फ्लॅट आला, फ्लॅटच्या मागून कर्ज आलं. मग त्या काचेच्या इमारतीला एका अमेरिकन कंपनीने विकत घेतलं आणि अमेरिकेला अचानक तायडेंच्या शिक्षणाची काळजी लागून राहिली.

"सर, यू आर अंबर," एचआरची निकिता म्हणाली. ती चोवीस वर्षांची होती आणि वाईट बातमी देताना मान तिरकी करायचं तिने ट्रेनिंग घेतलं होतं.

"म्हणजे?"

"म्हणजे डिग्री इन प्रोग्रेस. ग्रीन म्हणजे व्हेरिफाइड. आणि रेड म्हणजे..." तिने दाराकडे पाहिलं. "एकतीस मेला अंबर कलर सिस्टिममधून काढतायत. मग ऑटोमॅटिक एकतर ग्रीन, नाहीतर रेड. माझ्या हातात काही नाहीये, सर. सिस्टिम करते."

ती सिस्टिम ज्या सर्व्हरवर चालायची तो सर्व्हर बुद्धभूषणच सांभाळायचा. आपल्याला घरी पाठवणारं यंत्र एकही दिवस बंद पडू नये ही त्याची जबाबदारी होती, आणि ती तो चोख पार पाडत होता.

त्यानेही वर्षभर हातपाय हलवले नव्हते असं नाही. सह्यगंगा मुक्त विद्यापीठात एक सोय होती : जुन्या कॉलेजात मिळवलेले श्रेयांक तिकडून इकडे आणायचे आणि उरलेले पेपर तेवढे द्यायचे. रात्रपाळी संपवून तो सकाळी भौतिकशास्त्र वाचायचा. सर्व्हर रूमच्या थंडीत मफलर गुंडाळून त्याने रसायनशास्त्राचे सगळे प्रयोग पाठ केले. मे महिन्याच्या सुरुवातीला निकाल लागला. तिसरं वर्ष पास, द्वितीय श्रेणी. कल्याणीने, म्हणजे बायकोने, हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सेसना पेढे वाटले. आई, सुंदराबाई, हिने मांजरीच्या विहारात जाऊन मेणबत्त्या लावल्या आणि येताना शेजाऱ्यांना, न विचारता, सांगितलं की पोरगा बीएस्सी झाला.

मग तो शनिवार पेठेत विद्यापीठाच्या श्रेयांक कक्षात पदवीचा दाखला आणायला गेला.

कक्षाच्या खिडकीत बापूराव नावाचे गृहस्थ बसत. त्यांनी गुणपत्रिका चष्म्याच्या वरून पाहिली, मग चष्म्यातून पाहिली, आणि मग चष्मा काढून बुद्धभूषणकडे पाहिलं.

"शारीरिक शिक्षण. पहिलं वर्ष. श्रेयांक एक. इथे काय आहे?"

"डॅश आहे."

"ते दिसतंय मला. डॅश कशाबद्दल?"

"सूट होती, साहेब. मी तिकडच्या विद्यापीठाच्या खो-खोच्या टीममध्ये होतो. टीममधल्या खेळाडूंना परीक्षेला बसावं लागायचं नाही."

"म्हणजे बसला नाहीत."

"बसायची गरजच नव्हती."

"म्हणजे बसला नाहीत." बापूरावांनी चष्मा परत घातला. "गुण आम्ही कुठूनही आणू शकतो. परराज्यातून आणलेत. एकाचे नेपाळातून आणले. पण डॅश आम्हाला आणता येत नाही. डॅश तिकडेच राहिला."

"अहो, पण मी इतका चांगला खेळायचो म्हणूनच तर..."

"आनंद आहे. पण पदवी नाही. आमचे संस्थापक स्वतः तालमीतले होते, तायडे. ज्याला पळता येत नाही त्याला पदवीधर म्हणू नये असं त्यांचं मत होतं. ते गेले, मत राहिलं."

बुद्धभूषणच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने सुस्कारा सोडला. बुद्धभूषणला एकतीस मे समोर दिसत होती.

"मग आता?"

"येत्या शनिवारी पुरवणी परीक्षा आहे, नदीकाठच्या केंद्राच्या मैदानावर. सोमवारी गुण इकडे येतील, मंगळवारी दाखला मिळेल. यंदाची शेवटची. पुढची जानेवारीत." त्यांनी एक गुळगुळीत झालेलं पुस्तक उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "खो-खोवाले म्हणताय, म्हणून सांगतो. हे आधी वाचा. पाठलाग करताना एक गडी बाद करायचा, मग पळतीचा डाव खेळायचा. पास. पण पळतीच्या डावात शेवटच्या शिट्टीपर्यंत नाबाद राहिलात, तर विद्यापीठ दर्जाचे खेळाडू ठरता. आणि विद्यापीठ दर्जाच्या खेळाडूला आमच्याकडे परीक्षेतून..."

"सूट," बुद्धभूषण म्हणाला.

"आणि सूट म्हणजे?"

"डॅश."

"हुशार आहात. तिसरं वर्ष उगाच नाही पास झालात."

"पण साहेब, मी करायचं काय?"

"बाद व्हायचं," बापूराव म्हणाले. "एवढी माणसं रोज होतात, त्यात काय आहे? पुढचे."

*

घरी त्याने हे सांगितलं तेव्हा कल्याणी आधी हसली आणि मग तिला कर्जाची आठवण झाली, तेव्हा थांबली. "म्हणजे नीट समजून घेऊ द्या. तुम्ही नापास होता कामा नये, आणि चांगलंही खेळता कामा नये."

"हो."

"म्हणजे तुम्ही ऑफिसात करता तसंच."

त्या दिवसापासून संध्याकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर सराव सुरू झाला. कल्याणीने डिशच्या छत्र्यांमध्ये आठ बादल्या मांडल्या, बादल्या म्हणजे बसलेले गडी, आणि ड्यूटीच्या बुटांनिशी नवऱ्याचा पाठलाग केला. पहिल्या दिवशी सोपं गेलं, कारण तो धापा टाकत होता आणि आपोआप वाईट खेळत होता. दुसऱ्या दिवसापासून घोटाळा झाला. अंगाला काहीतरी आठवायला लागलं. ती डावीकडून आली की पाय विचार न करता उजवीकडे वळायचे, आणि हात पुढे आला की पाठ धनुष्यासारखी आत जायची, इतकी बेमालूम की कल्याणीचा हात हवेतच राहायचा.

"अहो, वाईट! अजून वाईट खेळा!"

"प्रयत्न करतोय."

"एवढासाही दिसत नाहीये. पोटाचा तरी वापर करा!"

सुंदराबाई जिन्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे पाहायची. अकोल्यात असताना पोराची एक मॅच तिने सोडली नव्हती. शेतावरची मजुरी अर्ध्यावर टाकून ती मैदानाच्या कडेला उकिडवी बसायची आणि पंचाच्या आधी फाऊल सांगायची. पंच तिला घाबरून असायचे. आता तिचं तोंड कडू झालं होतं.

"खराब खेळाले शिकून रायला थो? पैल्यांदाच पायलं बाप्पा असं."

"आई, नोकरीचा प्रश्न आहे," बुद्धभूषण म्हणाला.

"समजलं मले. म्या काय अडवून रायली का तुले?" ती उठली. "पन शनवारी मी बी येतो."

"कशाला?"

"पायाले. पंधरा सालानं खेळून रायला तू. चांगला खेळ का खराब, म्या पायतोच."

"एक शब्द बोलायचा नाही मात्र."

"नाई बोलत."

कल्याणीला शनिवारी ड्यूटी होती. जाताना ती आईंच्या हातात पाण्याची बाटली देत नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आऊट होऊन या."

*

मैदानावर पोचल्यावर कळलं की मैदान नाहीये. म्हणजे होतं, पण त्याच्या बहुतेक भागावर मांडव पडला होता. आयटी कंपन्यांचा भव्य नोकरी मेळावा होता. छातीशी फाइल धरलेली हजारेक पोरंपोरी मांडवापासून निघून मैदानाला वळसा घालून गेटबाहेर नदीपर्यंत रांगेत उभी होती. सगळी पदवीधर. बुद्धभूषण त्यांच्या बाजूने हाफ पँटीत चालत गेला, तेव्हा एकाने आदराने विचारलं, "काका, फायनल राउंड कुठे आहे?"

"पहिल्याचाच पत्ता नाही," तो म्हणाला.

कोपऱ्यात जेमतेम एक खो-खोचं मैदान मावेल एवढी जागा उरली होती. तिथे फक्कीने रेषा मारून झाल्या होत्या, दोन खांब पुरले होते, आणि शारीरिक शिक्षणाच्या परीक्षक केतकर मॅडम हातात पॅड घेऊन उभ्या होत्या. साठीला टेकलेल्या, पांढरी टोपी, पांढरे बूट, आणि गळ्यात शिट्टी.

"आपण पालक का?" त्यांनी विचारलं.

"विद्यार्थी."

मॅडमनी त्याला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. टोपी त्यांची होती, बूट त्याचे. "उशीर झाला," त्या म्हणाल्या. घड्याळाबद्दल बोलत होत्या की वयाबद्दल, ते कळलं नाही. "आणि त्या?"

"आई आहे माझी. बसेल कडेला."

"विद्यार्थ्याला आई सोडायला आली. बरं."

बाकीचे विद्यार्थी अठरा-एकोणीसचे होते आणि जानेवारीतली परीक्षा वेगवेगळ्या आजारांमुळे चुकलेले होते. त्यातल्या कुणीही आयुष्यात धावताना बसखेरीज दुसरं काही पकडलं नव्हतं हे दिसतच होतं. मॅडमनी दोन बाजू पाडल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं : "मुद्दाम रेषेबाहेर गेलात तर शून्य. मुद्दाम उभे राहिलात तर शून्य. मला मुद्दाम कळतं. चाळीस वर्षं हेच पाहतेय."

रेषेबाहेर पाय टाकायचा हा बुद्धभूषणचा मुख्य बेत होता. उभं राहायचं हा राखीव.

आधी त्याच्या बाजूने पाठलाग केला. इथे एक गडी बाद करायचा होता, आणि तेवढाच. त्याने स्वतःला आवरून धरलं. दोघं त्याच्या हाताच्या टप्प्यात येऊन गेले, त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. मग पळता पळता एकाचा मोबाइल वाजला आणि तो चक्क "हां, बोल" म्हणत थांबला. बुद्धभूषणने त्याच्या खांद्याला हळूच हात लावला. शिट्टी वाजली. मॅडमनी पॅडवर काहीतरी लिहिलं. अर्धं काम झालं होतं.

मग पळतीचा डाव.

तीन-तीनच्या तुकड्या होत्या आणि बुद्धभूषण शेवटच्या तुकडीत. त्याच्या दोन साथीदारांपैकी एक आत शिरताशिरताच बुटाची नाडी सुटून पडला, दुसरा त्याला अडखळून पडला. दोघंही बाद. आता मैदानात एकटा तो, आणि शिट्टी वाजायला बराच वेळ होता.

"होऊन जाऊ लवकर," असं मनाशी म्हणून तो पाठलाग करणाऱ्या पोराच्या वाटेत हळूहळू पळू लागला. पोरगा आला, हात लांबवला आणि एवढा जोर लावला की बाजूने निघून गेला. बुद्धभूषण आणखी हळू झाला. पोराने परत झेप टाकली आणि तोंडावर आपटला. बसलेल्यांपैकी निम्म्यांची तोंडं एकाच बाजूला होती. एकाने "खो" म्हणायच्या ऐवजी "एक्स्क्यूज मी" म्हटलं. ज्याला म्हटलं तो उठलाच नाही, कारण त्याला वाटलं कुणी दुसऱ्याला म्हणतंय.

आणि इथे बुद्धभूषणला घाम फुटला. बेताचं वाईट खेळणं हे भोवतालच्यांवर अवलंबून असतं हा हिशेब गच्चीवर कुणी केलाच नव्हता. कल्याणी निदान चपळ होती. हे गडी बादल्यांपेक्षा वाईट होते. यांच्यात उभा राहिला असता तरी तो नाबाद राहिला असता, आणि उभं राहायला बंदी होती.

मॅडम पॅड छातीशी धरून, नजर न हलवता त्याच्याकडे पाहत होत्या. एकदा त्यांनी घड्याळ पाहिलं.

"डावीकडून ये," तो बाजूने पळणाऱ्या पोराला पुटपुटला. "मी खांबाकडे जातोय. आधीच खो दे."

"काय?"

"खो दे! पुढच्याला!"

"अच्छा, खो!" पोरगा म्हणाला आणि मागून पाठीला हात लावायच्या ऐवजी समोरून शेकहँड केला.

असा तो पळता पळता शिकवत सुटला. कोणी कुठे तोंड करून बसायचं, खो मोठ्याने कसा द्यायचा, पळणाऱ्याच्या पायांकडे नाही, कमरेकडे पाहायचं. आपल्याला पकडणाऱ्यांची शाळा घेताना त्याचा श्वास फुलत होता, आणि मेळाव्याच्या रांगेला तोपर्यंत करमणूक सापडली होती. फाइली बगलेत मारून पोरं कडेला जमली. "काका! काका!" असा गजर सुरू झाला. तो थांबवायला बुद्धभूषण त्यांच्याकडे हात करून नको नको म्हणत होता, त्यांना वाटलं हात करतोय. गजर वाढला. मॅडमच्या कपाळावर आठी उमटली.

मग बसलेल्यांच्या ओळीतून प्रियदर्शनी नावाची एक मुलगी उठली. दिसायला काडी, पण तिने त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं होतं. ती पहिल्याच पावलाला योग्य बाजूने आली, कमरेकडे पाहत. बुद्धभूषणला हायसं वाटलं. ही करेल. त्याने वेग कमी केला, तिचा हात आला, आणि त्याच्या अंगाने त्याला न विचारता दगा दिला. पाठ आत गेली, पाय आडवा पडला, आणि खांबाला हाताचा विळखा घालून तो वाऱ्यासारखा पलीकडे फिरला. रांगेतून शिट्ट्या आल्या. कडेला बसलेल्या सुंदराबाईने तोंडावर पदर दाबून धरला होता.

पंधरा वर्षांत त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि इतकी भीतीही. पुन्हा एकदा. नाही, नको. एकदाच. नको. शिट्टीला काही क्षण राहिले असणार. प्रियदर्शनीने खो दिला, खो घेतला, पुन्हा तीच उठली. आता तो खरंच पळत होता. मंगळवार, दाखला, अंबर, सगळं मागे पडलं होतं. समोर फक्त फक्कीची रेषा होती, मागे पावलं होती.

नेमकं तेव्हा फाइल घेतलेला एक उमेदवार रांगेतला नंबर टाळायला मैदानातून आडवा चालत निघाला. "ए! हे मैदान आहे, पासपोर्ट ऑफिस नाही!" मॅडम कडाडल्या आणि त्याच्याकडे धावल्या. प्रियदर्शनी ओळीच्या या बाजूने खांबाच्या दिशेने निघाली होती. बुद्धभूषण मागे सरकला, कारण एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत तिला मागे वळता येत नव्हतं. ही खो-खोतली पहिली शिकवण. ती शिकवायची तेवढी त्याच्याकडून राहून गेली होती. खांबाच्या चार पावलं अलीकडे ती गर्रकन वळली आणि त्याच्या पोटावर थाप मारली.

"आऊट! आऊट! सर, मी केलं!" ती नाचायला लागली. "मी पास!"

तिची बाजू ओरडली, रांग हळहळली. बुद्धभूषणच्या तोंडात "फाऊल" आलं होतं. अगदी ओठांपाशी. त्याने दात मिटून घेतले, इतके घट्ट की कानात दुखलं. झालं होतं. तो बाद होता. गप्प राहायचं, बस.

"फाऊल हाय थो!"

सगळ्या माना कडेला वळल्या. सुंदराबाई उभी होती. पाण्याची बाटली लवंडली होती आणि तिचं बोट खांबाकडे होतं. "अवो बाई, खांबापावतर गेली नाई ते! मधातूनच वापस फिरली! फाऊल हाय! माया पोरगा आऊट नाई!"

मॅडम त्या उमेदवाराला सोडून परत आल्या. त्यांनी सुंदराबाईकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मुलीचा चेहरा पडत चालला होता. मग पेनाचं टोपण काढून त्या बुद्धभूषणसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी त्या महाशयांकडे पाहत होते. डाव संपायला थोडाच वेळ आहे. फाऊल असेल तर आपण नाबाद, पुढे खेळा." त्या थांबल्या. "या मुलांना नियम माहीत नाहीत. तुम्हाला बऱ्यापैकी माहीत दिसतायत. मघापासून शिकवताय. तुम्हीच सांगा. फाऊल होता का?"

घामाचा थेंब नाकावरून खाली पडला. शिकवणं ऐकलं होतं बाईंनी. त्याने आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सांगता आलं नसतं.

"नाही, मॅडम."

"पण त्या म्हणतायत..."

"तिला..." त्याने बाहीने तोंड पुसलं. "तिला नियम कळत नाहीत. मी बाद आहे."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मॅडमनी लांब शिट्टी वाजवली आणि पॅडवर लिहिलं. दहापैकी पाच. त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलं, निळ्या शाईत, पाच. प्रियदर्शनीलाही पाच. ती त्याच्या पाया पडायला आली, त्याने तिला अर्ध्यातच थांबवलं.

वळला तेव्हा मॅडम सुंदराबाईपाशी पोचल्या होत्या. तो घाईने जवळ गेला.

"आजी," मॅडम म्हणत होत्या, "किती पावलं अलीकडे वळली?"

"चार. पाच बी असतीन."

"चार." मॅडमनी मान डोलावली. "माझाही तोच अंदाज. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलेलं पंचाला मोजता येत नाही, म्हणून विचारलं." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि बुद्धभूषणकडे न बघता म्हणाल्या, "आता शाईने लिहिलंय. खाडाखोड केलेली आमचे बापूराव स्वीकारत नाहीत. या तुम्ही."

स्कूटरपर्यंत आई त्याच्या पुढे पुढेच चालत गेली. रांग अजून तशीच होती, नदीपर्यंत. त्याने किक मारली, गाडी सुरू झाली, ती मागे बसेना.

"आई, फाऊल होता," तो हँडलकडे पाहत म्हणाला.

"तू कायले सांगतं मले?"

"सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं मी. पण नोकरी गेली असती, आई. पास व्हायचं होतं."

"त्या बाईनं केलं ना पास." ती मागच्या सीटवर आडवी बसली, पदर खोचला, आणि त्याच्या खांद्यावर ठेवायचा हात स्टेपनीवर ठेवला. "म्या नाई केलं अजून."

गाडी बंडगार्डनच्या दिशेने निघाली. सिग्नल आला, गेला. पुलावर वारा लागला तशी ती मागून म्हणाली, "मंगळवारी दाखला भेटला का पैले मले आनून दाखवजो. कल्यानीले नाई. मले."

"हो."

"अन् रस्त्यानं रसवंती दिसली तं थांबजो. बर्फ टाकाचा नाई. मोठा गिलास."

तो मोठ्या गिलासाला हो म्हणाला. पुढच्या खड्ड्यात गाडी आदळली, तेव्हा तिने खांदा धरला, आणि खड्डा गेल्यावरही सोडला नाही.